तिसरी कसोटी छोट्या मैदानावर का? रग्बी लीगचं स्टेडियम नेमकं कसं ठरतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२५ च्या ॲशेसमध्ये (रग्बी लीगमध्येही इंग्लंड-ऑस्ट्रेलिया मालिकेला ॲशेसच म्हणतात आणि दोन देशांच्या सामन्याला कसोटी) पहिली कसोटी वेम्बलीवर झाली आणि ६०,८१२ लोक आले. दुसरी लिव्हरपूलला, एव्हर्टन फुटबॉल क्लबच्या नव्या मैदानावर झाली, तिथे ५२,१०६ आले. मग तिसरी कसोटी लीड्सच्या हेडिंग्लीवर का, जिथे जेमतेम वीस हजार माणसं मावतात? तीस-चाळीस हजार तिकिटांचे पैसे कुणी सोडतं का? आणि तिन्ही सामने लंडनलाच का नाही घेतले?

प्रश्न रास्त आहे आणि दर मालिकेला कुणी ना कुणी तो विचारतंच. मी गेली अठरा वर्षं उत्तर इंग्लंडमध्ये सामन्याच्या दिवसाचं नियोजन करते. सुरुवात फुटबॉलपासून झाली, नंतर बहुतेक काम रग्बी लीगचं. मैदान निवडण्याच्या बैठकांना मी बसलेय, पण शेवटची सही माझी कधीच नव्हती. त्यामुळे तिसऱ्या कसोटीच्या वेळी त्या खोलीत काय बोलणं झालं ते मी सांगणार नाही. अशा वेळी आम्ही कसा विचार करतो, ते मात्र सांगू शकते.

आधी एक गोंधळ दूर करते. हेडिंग्ली म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर क्रिकेटचं मैदान येतं. रग्बीचं मैदान त्याला चिकटून आहे. दोन्हींच्या मधला स्टँड सामायिक आहे, एका तोंडाला क्रिकेट आणि दुसऱ्या तोंडाला रग्बी. म्हणजे क्रिकेटच्या मैदानात रेषा आखून सामना उरकला, असा प्रकार नव्हता.

आता आकड्यांकडे. वेम्बलीवर साठ हजार आले म्हणजे साठ हजारांची मागणी आहे, मग हेडिंग्लीवर चाळीस हजार लोक दाराबाहेर राहिले, असा तुमचा हिशेब दिसतो. पण वेम्बलीची क्षमता ९०,००० आहे. म्हणजे पहिल्या कसोटीला तिथल्या जवळपास एक तृतीयांश खुर्च्या रिकाम्या होत्या. एव्हर्टनचं मैदान ५२ हजारांच्या वर थोडं, ते काठोकाठ भरलं. हेडिंग्लीही भरलं. त्या मालिकेत तिकीट मिळालं नाही म्हणून हळहळणारे लोक उत्तरेत होते, आणि लंडनमध्ये तिकिटं शिल्लक होती. तिन्ही सामने लंडनला नेले असते तर काय झालं असतं, याचा अंदाज एवढ्यावरूनही येतो.

याचं मूळ खेळाच्या इतिहासात आहे. १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतल्या क्लबांनी मूळ रग्बी संघटनेशी फारकत घेतली. कारण साधं होतं. गिरणीत आणि खाणीत राबणाऱ्या खेळाडूची सामन्यापायी मजुरी बुडायची, ती भरून द्यायला संघटना तयार नव्हती. त्यातून तेरा खेळाडूंचं रग्बी लीग उभं राहिलं, आणि आजही त्याचा जीव लँकशर, यॉर्कशर, कंब्रिया याच पट्ट्यात आहे. लिव्हरपूल ते हल हा एम-६२ महामार्ग नकाशावर पाहा. इंग्लंडमधले बहुतेक मोठे क्लब त्याच्या अल्याडपल्याड सापडतील. लंडनचा सामना म्हणजे यातल्या बहुतेक प्रेक्षकांसाठी प्रवास, कधी मुक्काम, आणि तिकिटाइतकाच वरखर्च.

म्हणून 'सर्वांत मोठं मैदान कोणतं' या प्रश्नाने आम्ही कधी सुरुवात करत नाही. हा विशिष्ट सामना, या विशिष्ट तारखेला, या शहरात, या दराने किती माणसं बघायला येतील, हे आधी ठरवायचं. त्या माणसांना बेताचं घट्ट बसेल असं मैदान मग शोधायचं. भांड्याआधी भाताचा अंदाज, एवढंच.

हा अंदाज किती चुकू शकतो याची दोन उदाहरणं एकाच मैदानावरची आहेत. १९७३ मध्ये ग्रेट ब्रिटन-ऑस्ट्रेलिया कसोटी जुन्या वेम्बलीवर झाली. ब्रिटनने ती २१-१२ अशी जिंकली, आणि पाहायला होते ९,८७४ लोक. लाखभर माणसांच्या मैदानात दहा हजारही नाहीत! त्यानंतर सतरा वर्षांनी, १९९० मध्ये, त्याच दोन संघांची कसोटी त्याच वेम्बलीवर झाली आणि ५४,५६९ लोक आले. वास्तू तीच, संघही तेच. मधल्या काळात १९८६ ची कसोटी मँचेस्टरला ओल्ड ट्रॅफर्डवर खेळवली होती, तिथे ५०,५८३ लोक आले होते. म्हणजे उत्तरेतच, घरापासून तासाभराच्या अंतरावर, आधी पन्नास हजार जमवून दाखवले आणि मग लंडनची पायरी चढली. १९९२ चा विश्वचषक अंतिम सामना वेम्बलीवर झाला तेव्हा ७३,६३१ लोक होते. त्याआधीचा आंतरराष्ट्रीय सामन्याचा विक्रम १९३२ च्या सिडनी क्रिकेट ग्राउंडवरचा होता, ७०,२०४. साठ वर्षं टिकलेला विक्रम मोडायला वेम्बली लागलं हे खरं, पण ते मैदान घेण्याची हिंमत उत्तरेतल्या गर्दीने दिली होती.

आता रिकाम्या खुर्च्यांबद्दल. तुम्ही म्हणाल, पंचाहत्तर हजारांच्या मैदानात तेहतीस हजार आले तर काय बिघडलं, वीस हजारांपेक्षा तेहतीस जास्तच ना? कागदावर हो. २००० च्या विश्वचषकाची सुरुवात अशीच झाली. इंग्लंड-ऑस्ट्रेलिया सामना लंडनच्या ट्विकनमला, म्हणजे रग्बी युनियनच्या (पंधरा खेळाडूंच्या मूळ रग्बीच्या) बालेकिल्ल्यात. आले ३३,७५८. पाऊस कोसळत होता, आणि अकरा दिवसांपूर्वीच्या हॅटफील्ड रेल्वे अपघातानंतर देशभरातल्या गाड्यांचं वेळापत्रक कोलमडलं होतं. उत्तरेतून यायचं तरी कसं? निम्मं मैदानही भरलं नाही. पहिल्याच दिवशी टीव्हीवर ओस पडलेले स्टँड दिसले, आणि पुढच्या सामन्यांचं तिकीट काढावं की नाही या विचारात असलेल्यांनी ते पाहिलं. हेच मला सगळ्यात महाग वाटतं. रिकाम्या खुर्चीचा तोटा त्या दिवसापुरता राहत नाही, पुढच्या सामन्याच्या विक्रीलाही तो भोवतो.

डेन्व्हरचंही तसंच. जून २०१८ मध्ये इंग्लंड-न्यूझीलंड सामना अमेरिकेत, माइल हाय स्टेडियमवर झाला. प्रेक्षक १९,३२०. ज्या देशात हा खेळ फारसा कुणाला माहीत नाही तिथे हा आकडा मला तरी वाईट वाटत नाही. पण मैदान ७६ हजारांचं होतं, म्हणून बातमी झाली ती रिकाम्या तीन-चतुर्थांशाची. तेच लोक पंचवीस हजारांच्या मैदानात बसले असते तर 'अमेरिकेत झकास प्रतिसाद' असं छापून आलं असतं. शिवाय डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरवर, हवा विरळ, आणि ऑस्ट्रेलियातल्या क्लबांचा हंगाम ऐन भरात असताना खेळाडू तिकडे पाठवायचे. क्लब आधीच नाराज होते. मैदान निवडताना खेळाडूंच्या मालकांचाही विचार करावा लागतो तो असा.

माझ्या स्वतःच्या चुकीचीही गोष्ट सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी दोन लहान देशांचा एक सामना आम्ही सत्तावीस हजारांच्या मैदानावर घेतला. पाच हजारांच्या आसपास लोक आले, अपेक्षेइतकेच. पण तिकीटविक्रीत चारही स्टँड एकाच वेळी खुले ठेवलेले. लोकांनी आपल्याला बरी वाटली ती खुर्ची घेतली, आणि बहुतेकांना बरी वाटली मुख्य स्टँडमधली. मुख्य कॅमेरा त्याच स्टँडवर होता. म्हणजे पाच हजार माणसं कॅमेऱ्याच्या पायाखाली, आणि चित्रात समोरचा अख्खा स्टँड रिकामा. घरी बघणाऱ्याला वाटलं, कुत्रंही फिरकलं नाही. तेव्हापासून माझा नियम ठरलाय: कॅमेऱ्यासमोरचा स्टँड आधी विकायचा, तोही खालच्या मजल्यापासून. तो भरत आला की मगच पुढचा उघडायचा. यात पैशाचाही मुद्दा आहे. स्टँडचा एक मजला उघडला की तिथे स्टुअर्ड लागतात, प्रथमोपचाराची माणसं लागतात, प्रवेशद्वारं चालवावी लागतात, स्वच्छतागृहं, सफाई, सगळंच लागतं. १९७५ च्या क्रीडांगण सुरक्षा कायद्यानुसार इंग्लंडमध्ये मोठ्या मैदानाला स्थानिक प्राधिकरणाचं सुरक्षा प्रमाणपत्र लागतं. किती लोक बसवायचे आणि कोणत्या अटींवर, हे त्यात लिहिलेलं असतं. वरच्या मजल्यावर चारशे तिकिटं विकली गेली म्हणून तो उघडला तर त्या चारशे लोकांवरच खिसा रिकामा होतो.

इथवर आलात तर तिसऱ्या कसोटीचं कोडं बरंचसं सुटलं असेल. पण त्यातली खरी मेख अजून राहिली आहे. तीन सामन्यांच्या मालिकेत तिसऱ्या सामन्याची तिकिटं विकायला काढताना मालिकेची अवस्था काय असेल हे कुणालाच माहीत नसतं. १-१ असेल तर ती त्या वर्षातली सगळ्यात मागणी असलेली तिकिटं. २-० असेल तर निकाल लागलेल्या मालिकेचा उरलेला सामना, तोही नोव्हेंबरच्या थंडीत. ऑस्ट्रेलियाविरुद्ध २-० चीच शक्यता जास्त, हे आम्ही मोठ्याने म्हणत नाही, पण वहीत लिहिलेलं असतं. झालंही तसंच: पहिली २६-६, दुसरी १४-४, मालिका संपली. तिसरी ३०-८. हीच तिसरी कसोटी साठ हजारांच्या मैदानावर असती तर शेवटच्या आठवड्यात तिकिटं अर्ध्या किमतीत विकायची पाळी आली असती, आणि आधी पूर्ण पैसे मोजलेल्यांच्या शिव्या खाव्या लागल्या असत्या. हेडिंग्लीवर तो धोका जवळपास नव्हता. वीस हजार तिकिटं मालिका सुरू व्हायच्या कितीतरी आधी विकली जातात, मग निकाल काहीही लागो.

पहिली कसोटी वेम्बलीला देण्यामागेही हाच हिशेब असतो, फक्त उलटा. पहिल्या सामन्याच्या वेळी स्वप्न शाबूत असतं. त्यातून २००३ नंतर ऑस्ट्रेलियाचा संघ पहिल्यांदाच ॲशेससाठी आला होता. इतक्या वर्षांची भूक होती, आणि ती सगळ्यात मोठ्या ताटात वाढायची तर पहिल्याच दिवशी. २००३ च्या तिन्ही कसोट्या विगन, हल आणि हडर्सफील्डला झाल्या होत्या, तिन्ही मैदानं पंचवीस हजारांच्या आसपासची. त्या मालिकेशी तुलना केली तर २०२५ चं नियोजन भित्रं नव्हतं, चांगलंच धाडसी होतं.

म्हणजे आधी गर्दीचा अंदाज, मग त्या गर्दीचं घर कुठे आहे ते, मग मालिकेतला सामन्याचा क्रम. एवढं जुळलं तरी निम्मी मैदानं यादीतून गळतात ती वेगळ्याच कारणांनी, आणि त्यातली दोन प्रेक्षकांना कधी दिसत नाहीत.

पहिलं म्हणजे गवत. रग्बी लीगचं मैदान गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत जास्तीत जास्त १०० मीटर, रुंदी ६८ मीटर. पण ट्राय, म्हणजे गुण मिळवण्यासाठी चेंडू, गोलरेषेच्या मागे जमिनीला टेकवायचा असतो, म्हणून दोन्ही टोकांना ६ ते ११ मीटरचं इन-गोल लागतं. म्हणजे कमीत कमी ११२ मीटर गवत हवं, आणि त्यापलीकडे धावत आलेला शंभर किलोचा गडी थांबेल इतकी मोकळी जागा. मोठ्या फुटबॉल मैदानाची लांबी साधारण १०५ मीटर असते. उरलेले सात-आठ मीटर फुटबॉलच्या गोलखांबांमागच्या पट्टीतून काढावे लागतात, जिथे जाहिरातींचे फलक, छायाचित्रकार आणि बहुतेक ठिकाणी कृत्रिम गवताची पट्टी असते. रुंदीची अडचण क्वचित येते, कारण फुटबॉलचीही ६८ च असते. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानात मात्र तीही येते, कारण त्यांचं मैदान ४९ मीटरच्याही आत असतं आणि स्टँड त्याला धरून बांधलेले. मार्च २०२५ मध्ये लास व्हेगसला इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाच्या महिला संघांचा सामना झाला तो अशाच, नेहमीपेक्षा अरुंद मैदानावर.

इन-गोल आखूड असलं तर खेळ कसा बदलतो ते सांगते, कारण प्रशिक्षक सगळ्यात आधी हेच विचारतात. चढाई करणाऱ्या संघाला सहा टॅकलपर्यंतच (टॅकल म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं) चेंडू ठेवता येतो, म्हणून सहाव्याआधी तो चेंडू जमिनीलगत गोलरेषेमागे सरपटवतो. मागे अकरा मीटर असतील तर चेंडूमागे धावून ट्राय टेकवायला वेळ मिळतो, किंवा बचाव करणारा आतच पकडला जातो आणि त्याच्या संघाला गोलरेषेवरून चेंडू परत लाथाडावा लागतो, म्हणजे चढाई पुन्हा सुरू. मागे सहाच मीटर असतील तर तोच चेंडू डेड-बॉल रेषेबाहेर (इन-गोलच्या मागच्या टोकाबाहेर) जातो आणि प्रतिस्पर्ध्याला वीस मीटरवरून फुकट सुरुवात मिळते. उत्तम किकर असलेल्या संघाचं अर्धं हत्यार बोथट होतं. तेव्हा 'तेवढं चालवून घ्या' म्हणणं सोपं नसतं.

यात मी एकदा चांगलीच तोंडघशी पडलेय. एका मैदानाच्या नकाशावर गोलरेषेमागे पुरेशी जागा दिसत होती. प्रत्यक्षात गेले तर जाहिरात फलकांचे पाये काँक्रीटमध्ये पक्के रोवलेले, आणि त्यांच्या अलीकडे जमीन उतरती, वर गवताची चटई अंथरलेली म्हणून फोटोत कळत नव्हतं. सामना तीन आठवड्यांवर. फलक उखडले, उतार भरून काढला, बिल आमच्या नावावर. तेव्हापासून नकाशा कितीही सुंदर असो, मी टेप घेऊन जाते आणि त्या पट्टीवर स्वतः धावून बघते. मैदानावरची माणसं हसतात. हसू देत.

क्रिकेटची गोल मैदानं यादीत फारशी का दिसत नाहीत, हेही यातच आलं. जागा भरपूर, पण आयताभोवती एवढं गवत उरतं की पहिल्या रांगेतल्या माणसालाही खेळाडूचा चेहरा दिसत नाही. ब्रिस्बेनचं लँग पार्क, ज्याला आता सनकॉर्प म्हणतात, तिथे खुर्चीत बसून टॅकलचा आवाज ऐकू येतो. साडेबावन्न हजारांचं आयताकृती मैदान, स्टँड उभे चढे. २००८ आणि २०१७ च्या विश्वचषकांचे अंतिम सामने तिथेच झाले. त्याच देशात सिडनीत ऐंशी हजारांच्या वरचं मैदान असूनही!

दुसरं अदृश्य कारण म्हणजे फुटबॉलचं वेळापत्रक. इंग्लंडमध्ये पंचवीस हजारांच्या वरची मैदानं बहुतेक फुटबॉल क्लबांची आहेत आणि आमचे आंतरराष्ट्रीय सामने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ऐन फुटबॉल हंगामात. म्हणून मैदानमालक क्लब त्या आठवड्यात बाहेरगावी खेळत असेल तरच जमतं. २०२२ मध्ये खेळला गेलेला विश्वचषक बघा (नाव २०२१ चं, महामारीमुळे वर्षभर पुढे गेला). १५ ऑक्टोबरला सलामीचा इंग्लंड-सामोआ सामना न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्कवर झाला, ४३,१९९ प्रेक्षक. न्यूकॅसलचा फुटबॉल संघ दुसऱ्या दिवशी मँचेस्टरला खेळत होता. १२ नोव्हेंबरला आर्सेनलच्या मैदानावर उपांत्य सामना. आर्सेनल त्याच दिवशी वुल्व्हरहॅम्प्टनला. अंतिम सामना १९ नोव्हेंबरला ओल्ड ट्रॅफर्डवर, ६७,५०२ प्रेक्षक; दुसऱ्या दिवशी कतारमध्ये फुटबॉलचा विश्वचषक सुरू होणार होता, म्हणून इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे सामने आधीच थांबलेले. २०२५ ची लिव्हरपूलची कसोटी १ नोव्हेंबरला, आणि एव्हर्टनचा सामना ३ तारखेला संडरलंडला. बाहेरून योगायोग वाटतो. आतून ते महिनोन्महिन्यांचं फोनाफोनीचं काम असतं, आणि टीव्हीसाठी फुटबॉलचा एक सामना शनिवारचा रविवारी सरकला की सगळं मुसळ केरात. रग्बी क्लबाचं स्वतःचं मैदान असलं की हा ताप नाही. तिसऱ्या कसोटीसाठी हेडिंग्ली निवडायला हेही एक वजनदार कारण ठरतं, कारण तीनपैकी एक तारीख तरी पूर्ण आपल्या हातात राहते.

सवयीचाही भाग आहे. ओल्ड ट्रॅफर्डवर १९९८ पासून जवळपास दरवर्षी सुपर लीगचा (रग्बी लीग क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेचा) अंतिम सामना होतो. तिथल्या माणसांना फुटबॉलचे खांब काढून रग्बीचे उभे करायला काही सांगावं लागत नाही. २०१३ चा विश्वचषक अंतिम सामना तिथे झाला तेव्हा ७४,४६८ लोक होते. पहिल्यांदाच रग्बी लीग घेणारं मैदान कितीही देखणं असलं तरी तिथे पहिल्या वेळचे घोळ होतातच.

पैशाबद्दल. तुम्ही तिकीट गुणिले खुर्च्या असा हिशेब मांडलात, पण मोठं मैदान भाड्याने मिळतं ते सगळं मिळत नाही. खाण्यापिण्याची विक्री बहुतेक वेळा मैदानमालकाची, खासगी बॉक्स आधीच वर्षभरासाठी विकलेले, पार्किंग त्यांचं. कधी ठोक भाडं असतं, कधी उत्पन्नात वाटा, कधी दोन्हींची खिचडी. शिवाय स्पर्धेचे प्रायोजक आणि मैदानाचे प्रायोजक वेगळे असले की फलक झाकायचा खर्च. नेमके आकडे प्रत्येक करारात वेगळे असतात, त्यामुळे इथे सरसकट नियम देणं चुकीचं ठरेल. पण पूर्ण भाव देऊन भरलेलं वीस हजारांचं मैदान, सवलतीत अर्धं भरलेल्या पन्नास हजारांच्या मैदानाला हातात उरणाऱ्या रकमेत मागे टाकू शकतं. हे मी एकाहून जास्त वेळा ताळेबंदात पाहिलंय.

विश्वचषकाचा हिशेब मालिकेपेक्षा निराळा. तिथे सरकारी पैसा असतो आणि त्याच्याबरोबर अपेक्षाही. २०२१ च्या स्पर्धेसाठी ब्रिटिश सरकारने आयोजनाला दीड कोटी पौंडांपर्यंत आणि खेळाच्या सोयीसुविधांसाठी आणखी एक कोटी पौंड द्यायचं कबूल केलं होतं. मग सामने गावोगावी जायला हवेत हे ओघानेच आलं: डॉनकास्टर, मिडल्सब्रो, कॉव्हेंट्री, बोल्टन. सरकारने हात आखडता घेतला की काय होतं तेही लवकरच दिसलं. पुढचा विश्वचषक फ्रान्समध्ये २०२५ ला व्हायचा होता. तिथल्या सरकारने आर्थिक हमी दिली नाही, २०२३ मध्ये फ्रान्सने माघार घेतली आणि स्पर्धा २०२६ ला ऑस्ट्रेलियाकडे गेली.

लहान संघांच्या सामन्यांचं काय करायचं, यावर माझं मत पक्कं आहे. लहान गावात न्या, जिथे तो सामना म्हणजे त्या वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट असेल. २०१६ मध्ये स्कॉटलंड-न्यूझीलंड सामना कंब्रियातल्या वर्किंग्टनला झाला, जुन्या वळणाच्या डरवेंट पार्कवर. ६,६२८ लोक, आणि सामना १८-१८ असा बरोबरीत! हाच सामना मोठ्या शहरात कुणाच्या लक्षातही राहिला नसता. दुसरा उपाय म्हणजे एका तिकिटात दोन सामने. २०१३ चे दोन्ही उपांत्य सामने वेम्बलीवर एकाच दिवशी झाले, ६७,५४५ लोक आले. पण हे औषध जपून वापरावं लागतं. पाच तास लोकांना बसवायचं म्हणजे माणसं, खाणं आणि गवत तिन्हींवर ताण, आणि पहिल्या सामन्याला खुर्च्या निम्म्याच भरतात.

'घरचं मैदान' ही कल्पनाही वाटते तितकी सरळ नाही. टोंगाच्या संघाचं खरं घर म्हणजे न्यूझीलंडमधलं ऑकलंड, कारण टोंगन वस्तीच तिथे मोठी. २०१७ चा टोंगा-इंग्लंड उपांत्य सामना ऑकलंडच्या माउंट स्मार्टवर झाला, ३०,००३ प्रेक्षक, सगळीकडे लालच लाल. इंग्लंड २०-१८ ने कसंबसं सुटलं. त्याच स्पर्धेतला दुसरा उपांत्य सामना, ऑस्ट्रेलिया-फिजी, ब्रिस्बेनच्या बावन्न हजारांच्या मैदानावर होता. ऑस्ट्रेलियाच्या घरी, आणि आले २२,०७३. पापुआ न्यू गिनीत तर रग्बी लीग हाच राष्ट्रीय खेळ. पोर्ट मोर्सबीचं मैदान पंधरा हजारांच्याही आत, पण तिथला आवाज ज्याने ऐकलाय तो क्षमतेचा आकडा विचारत नाही.

एक राहिलं, शेवटची गाडी. शनिवारी रात्री आठला सामना ठेवला तर टीव्हीवाले खूश, पण पेनाइन डोंगरापलीकडे जाणाऱ्या माणसाला सामना संपायच्या आधी उठावं लागतं. हे मी वेळापत्रक न बघता एकदा करून बसले होते. शेवटची दहा मिनिटं एक आख्खा कोपरा रिकामा होत गेला, आणि सामना चुरशीचा होता. आता सुरुवातीची वेळ ठरवण्याआधी रेल्वेचं वेळापत्रक उघडते, त्या दिवशी रुळांचं काम तर निघालेलं नाही ना, तेही बघते.

लंडनवर मी अन्याय करतेय असं वाटू नये. २०२२ चा आर्सेनलच्या मैदानावरचा इंग्लंड-सामोआ उपांत्य सामना ४०,४८९ लोकांनी पाहिला आणि सामोआने जादा वेळेत २७-२६ असा जिंकला. लीड्सच्या एलंड रोडवर आदल्या दिवशी झालेल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड सामन्याला २८,११३ होते. म्हणजे योग्य सामना असेल तर लंडन प्रतिसाद देतं. दोन वर्षांतून एखादा मोठा सामना तिथे हवाच. एकाच महिन्यात तीन मात्र लंडनला झेपणार नाहीत.

तुम्ही शेवटी विचारलंय, निर्णय माझ्या हातात असता तर तिसरी कसोटी कुठे घेतली असती? हेडिंग्लीलाच. हलचं पंचवीस हजारांचं मैदान मी यादीत दुसरं ठेवलं असतं. चार-पाच हजार तिकिटं जास्त विकली गेली असती. पण ते फुटबॉल क्लबाबरोबर वाटून घ्यावं लागतं, आणि हल पार पूर्वेच्या टोकाला. विगन, सेंट हेलन्स, वॉरिंग्टनची माणसं नोव्हेंबरच्या संध्याकाळी तिथून परत कशी जाणार, एवढा एक प्रश्न सुटला तर मी हलचाही विचार करेन.